पाहुण्याच्या चार पुऱ्या

कोकिळाबाईंना राग आला की त्या भांडत नसत. हे कळायला मला वेळ लागला, कारण रनाळ्यातल्या आमच्या गल्लीत भांडणाला तोटा नव्हता. नळाला पाणी उशिरा आलं, कुणाचं सांडपाणी कुणाच्या दारात गेलं, की बायका पदर खोचून उभ्या राहायच्या आणि अर्ध्या तासानं त्याच बायका एकमेकींच्या ओट्यावर बसून शेंगा सोलायच्या. कोकिळाबाईंचं तसं नव्हतं. कुणी आगळीक केली की त्या डोक्यावरचा पदर सारखा करायच्या आणि शांतपणे म्हणायच्या, "ऱ्हाऊ द्या. मन्हा ध्यानमा ऱ्हाई." माझ्या लक्षात राहील, एवढंच. मग आपल्या कामाला लागायच्या, आणि समोरचा माणूस स्वस्तात सुटलो अशा समजुतीनं घरी जायचा.

गल्लीच्या टोकाला मंगलाबाई राहायची. तिच्या बकरीनं एका उन्हाळ्यात कोकिळाबाईंचे खाटेवर वाळत घातलेले बिबडे खाऊन टाकले. बिबडे म्हणजे ज्वारीचे पापड. ज्वारी भिजवा, भरडा, शिजवा, थापा, असं दोन दिवस कंबरडं मोडणारं काम. मंगलाबाई हसून म्हणाली, मुकं जनावर ते, त्याला काय कळतं. कोकिळाबाई म्हणाल्या, ध्यानमा ऱ्हाई. पुढच्या उन्हाळ्यात मंगलाबाईनं बिबडे घातले त्या सकाळी कोकिळाबाई काठी घेऊन तिच्या अंगणात जाऊन बसल्या. बकरी हाकलायला. डोक्यावर ओला टॉवेल घेऊन, उन्हात, दोन दिवस. येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाला सांगत होत्या, "मंगलाना बिबडा राखी ऱ्हायनू. मन्हा गया, तिन्हा तरी ऱ्हावोत." मंगलाबाई रडकुंडीला आली. चहा आणून देई, हात जोडी, घरी जा म्हणे. कोकिळाबाई चहा पीत आणि राखण चालू ठेवीत. त्यानंतर ती बकरी कायम बांधलेली असे.

मी तिथल्या शाळेत विज्ञान शिकवायची. मूळची नाशिककडची, नवरा नोकरीमुळे तिकडेच, आणि मी व माझी चार वर्षांची मुलगी रनाळ्याला. आमची भाड्याची खोली आणि कोकिळाबाईंचं घर यांच्यामध्ये एकच भिंत होती. घरात त्या आणि त्यांची सासू, जिजी. जिजींना डोळ्यांनी जवळजवळ दिसत नसे. कोकिळाबाई उंच, हाडकुळ्या, चष्म्याची काडी दोऱ्यानं बांधलेली. चालताना त्यांचा आवाज येत नसे, पण भांड्यांचा यायचा, आणि त्या आवाजावरून आज स्वयंपाक कुणासाठी चाललाय ते मी पुढेपुढे ओळखू लागले. आवडत्या माणसासाठी त्या भांडी आपटत.

खानदेशात श्रावणात कानबाई बसते. नागपंचमीनंतरच्या रविवारी घरोघरी, म्हणजे ज्या घराण्याची देवी असेल त्या घरी, नारळाच्या रूपात देवी मांडतात. सोमवारी सकाळी वाजतगाजत पाण्यावर नेऊन परत आणतात. सुरतेला, नंदुरबारला, दोंडाईच्याला पांगलेले भाऊबंद त्या दोन दिवसांत गावी येतात. दिवाळीला येणार नाहीत, पण कानबाईला येतील. या सणाचा जीव रोटात असतो. घराण्यातल्या प्रत्येक पुरुषाचं नाव घेऊन सव्वा मूठ गहू काढायचे, सगळ्यांचे एकत्र दळायचे, आणि त्या पिठाचं जे होईल ते घराण्यानंच खायचं. बाहेरच्याला द्यायचं नाही, उरवायचं नाही, उष्टं टाकायचं नाही. कोकिळाबाईंच्या घरी सोमवारी पाण्यावरून परत आल्यावर रोटाची न्याहारी होई. गुळाच्या पाण्यात भिजवलेल्या पुऱ्या, तांदळाची खीर आणि गंगाफळाची, म्हणजे लाल भोपळ्याची भाजी. त्या पुऱ्यांचा वास भिंत ओलांडून यायचा तेव्हा मला माझा डबा, माझी पोळी, माझं आयुष्य फारच बेचव वाटायचं.

पहिल्या वर्षी मला यातलं काही ठाऊक नव्हतं. माझी मुलगी वासानं वेडी झाली म्हणून मी वाटी घेऊन त्यांच्या दारात गेले आणि हसत म्हणाले, एक पुरी द्या हिला. कोकिळाबाईंनी नुसती मान हलवली. नाही. चार वर्षांच्या पोरीला नाही म्हणाल्या. मी तोंड फिरवून आले आणि त्यांच्याशी बोलणं टाकलं. दुसऱ्या दिवसापासून रोज संध्याकाळी माझ्या दारात एक झाकलेली वाटी येऊ लागली. कधी शेवभाजी, कधी वांग्याचं भरीत, कधी गूळ घालून कुटलेले तीळ. बोलणं नाही, फक्त वाटी. पंधराव्या दिवशी मी लाजेनं अर्धमेली होऊन त्यांच्या ओट्यावर गेले. तेव्हा त्यांनी मला रोट समजावून सांगितला, आणि शेवटी म्हणाल्या, "तुम्ही बोलना बंद करं, ते बी मन्हा ध्यानमा व्हतं." म्हणजे त्या पंधरा वाट्या माझ्यावर उगवलेला सूड होता. मला हसू आलं, आणि त्या बाईची थोडी भीतीही वाटली.

त्यांचा नवरा सुकलाल सुरतेला कापडाच्या बाजारात होता. लग्नाला चौदा वर्षं झाली, मूल झालं नाही, तेव्हा त्यानं तिकडेच ज्योती नावाच्या खानदेशातल्याच मुलीशी दुसरा संसार मांडला. कोकिळाबाईंना त्यानं विचारलं नाही आणि सोडलंही नाही. आंधळ्या आईला बघायला कुणीतरी हवंच होतं. मी रनाळ्याला आले त्याच वर्षी ज्योतीला मुलगा झाला, आणि त्याच कानबाईला सुकलाल पेढ्यांचा बॉक्स घेऊन आला.

त्या सोमवारी मी माझ्या दारात उभी होते. आत भाऊबंदांची पंगत बसली होती, कोकिळाबाई वाढत होत्या. सुकलालनं पुरीचा घास घेतला आणि मोठ्यानं म्हणाला, "देवीनी मन्हं घर भरं. कोकिळानी ओटी रितीच ऱ्हायनी, त्याले मी काय करू?" पंगतीत दोघेतिघे हसले. ज्यांना हसू आलं नाही त्यांनी खिरीत मान घातली. कोकिळाबाईंनी डोक्यावरचा पदर सारखा केला आणि त्याच्या पानात आणखी एक पुरी वाढली. नेहमीचं वाक्य बोलल्या नाहीत. माझ्या कानशिलात मात्र आग पेटली. वाटलं, ती खिरीची पातेली उचलावी आणि त्याच्या इस्त्रीच्या शर्टावर ओतावी. मला तेव्हा राग असाच यायचा, लगेच आणि वाया जाणारा.

पुढच्या वर्षी रोटाचे गहू काढताना मी त्यांच्या दाराशी बसले होते. बाहेरच्या माणसानं बघायला हरकत नसते. जिजी एकेक नाव घेत होत्या आणि कोकिळाबाई सुपातून मूठ भरून पितळी गंजात टाकत होत्या. जिजींना दिसत नसलं तरी गहू पडल्याचा आवाज ऐकून त्या पुढचं नाव घेत. ओंकार, त्यांचे धाकटे दीर. गहू पडले. ओंकारचे दोन मुलगे. गहू पडले. मग जिजी म्हणाल्या, सुकलाल. कोकिळाबाईंचा हात सुपात गेला आणि रिकामाच गंजावर आला. बोटं उघडली. काही पडलं नाही. जिजी थांबल्या. त्यांचा चेहरा आवाजाच्या दिशेला तसाच राहिला. म्हातारीनं पुढचं नाव घेतलं.

त्या घरात बायकांच्या नावाची मूठ काढत नसत. बायको नवऱ्याच्या मुठीतलं खाते, असा हिशेब. ही गोष्ट मी तेव्हा ऐकली आणि सोडून दिली.

सोमवारी सकाळी सात वाजता कोकिळाबाई माझ्या दाराबाहेर उभ्या. एका हातात तांब्यात गुळाचं पाणी, दुसऱ्या हातात किराणा दुकानातला पिठाचा पुडा, आणि काखेत एक जुनी वाटी.

"मॅडम, तुमना गॅस पेटाडा. सव पुऱ्या तळन्या शेतस."

"सहा? कुणासाठी?"

"पाव्हनासाठे."

"मग तुमच्या कढईत का नाही?"

"तठे रोट शे. बाहेरनं पीठ मन्हा उंबरा वलांडाव नही."

मी विचारलं, पाहुणा कोण. त्या म्हणाल्या, सुरतेहून आलाय तो.

मला सगळं समजायला एक मिनिट लागलं आणि समजल्यावर मी दार लोटायला हात पुढे केला. देवाधर्माचं काम, मी परकी, शाळेतली बाई. पण त्या दारातच उभ्या राहून सांगत होत्या, पाणी थोडं थोडं घाला, पीठ घट्ट ठेवा, तेलातून धूर निघू देऊ नका. वाटी दिली ती जिजींच्या लग्नातली. तिच्या काठाला एक खाच होती, त्यामुळे त्या वाटीनं कापलेल्या प्रत्येक पुरीला कडेशी एक बारीकसा दात राही. घराण्यातल्या लोकांना तो दात म्हणजे रोटाची खूण. त्यांनी आपल्या पुऱ्या आधी कापून घेतल्या होत्या आणि मग ती वाटी माझ्याकडे आणली होती. माझ्याही सहा पुऱ्यांना तोच दात आला. खीरसुद्धा माझ्याच पातेल्यातली. गंगाफळ माझ्या सुरीनं चिरलेलं.

आता बाहेरचं अन्न घरात न्यायचं नव्हतं, तर ते वाढायचं कुठे? त्याचीही सोय त्यांनी केली होती. पडवीत, उंबऱ्याच्या बाहेर, चौरंग मांडला होता. त्यावर सतरंजीची घडी, बाजूला टेबलफॅन. सुकलालचे गुडघे दुखत, पँट घालून जमिनीवर बसायला त्याला नको असे. "पाव्हना, तुम्ही आठे बठा. वारा शे," त्या म्हणाल्या. पाहुणा म्हटल्याचं त्याला वाईट वाटलं नाही. उलट सुरतेच्या माणसाला गावानं मान दिला असंच त्याला वाटलं असावं. भाऊबंद आत जमिनीवर घामाघूम होऊन रोट खात होते आणि हा बाहेर पंख्याखाली बसून माझ्या पुऱ्या खात होता. मी खिडकीतून बघत होते. त्यानं पहिला घास घेतला, डोळे मिटले आणि म्हणाला, "रोटनी चवच येगळी. सुरतमा पाचशे देवा तरी भेटाव नही." मग मोबाइल काढून ताटाचा फोटो घेतला आणि घराण्याच्या ग्रुपवर टाकला.

त्या पुड्यातल्या पिठाची किंमत मला माहीत होती. मी तोंडात पदर कोंबून आत गेले.

त्या पहिल्या वर्षी मी दार लोटायला निघाले होते, दुसऱ्या वर्षी नाही. तिसऱ्या वर्षी मी आपण होऊन खिरीत वेलदोडा जास्त घातला. चौथ्या वर्षापासून पुडा मीच आणून ठेवू लागले. चांगल्या घरातली, शिकलेली बाई मी, पण श्रावण जवळ आला की मला त्या सोमवारची ओढ लागायची हे खरं आहे. दरवर्षी तो यायचा, पंख्याखाली बसायचा, डोळे मिटायचा, फोटो काढायचा. तो उठला की कोकिळाबाई माझ्या दाराशी येऊन टेकायच्या आणि उरलेल्या दोन पुऱ्या खायच्या. एका वर्षी म्हणाला, "कोकिळा, तुन्हा हातले आते चव उनी." कोकिळाबाई म्हणाल्या, "बरं, पाव्हना." आणि माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. मी मात्र दुपारभर ते वाक्य चघळत बसले. त्याच्या तोंडचं कौतुक, आणि तेही माझं. किती किळस आली आणि किती बरं वाटलं ते सांगता येत नाही.

एकदा मी कोकिळाबाईंना विचारलं, "अक्का, त्याला सांगणार कधी?"

त्या तांदूळ निवडत होत्या. "सांगाले काय, आज बी सांगसू. पन पोट भरनं पाहिजे ना मन्हं."

नवव्या वर्षाच्या आधी, होळीच्या सुमारास जिजी गेल्या. कोकिळाबाईंनी त्यांचं सगळं हातानं केलं होतं, शेवटचे सहा महिने तर अंथरुणातच. सुकलाल तेराव्याला आला, माणसं मोजली आणि परत गेला. श्रावणात आला तेव्हा रिकाम्या हातानं आला नाही. गाडी करून आला होता आणि गाडीत लाकडी देव्हारा होता, नवाकोरा, काचेच्या दाराचा. गल्लीत सगळ्यांना कळलं. देवी सुरतेला न्यायला आला होता.

कोकिळाबाईंपाशी दुसरं काही नव्हतं. मूल नव्हतं, नवरा असून नव्हता, सासू गेली होती. भाऊबंद वर्षातून एकदा त्या उंबऱ्याला येत ते देवीसाठी. देवी गेली असती तर ते घर म्हणजे चार भिंती आणि एक बाई, एवढंच उरलं असतं. रविवारी रात्री त्यांनी काही खाल्लं नाही हे मला भांड्यांवरून कळलं. सोमवारी सकाळी तांब्या, पुडा आणि वाटी घेऊन त्या नेहमीसारख्याच दारात उभ्या राहिल्या. मी म्हटलं, आज तरी राहू द्या. त्या म्हणाल्या, "सव करा. आनि मी हाक मारसू तव्हय बाहेर या."

न्याहारी झाली. सगळ्यांची पानं चाटूनपुसून झाली. सुकलाल चौरंगावरून उठला, हात धुतले आणि उंबऱ्याशी उभा राहून चुलत्याला म्हणाला, "ओंकारआबा, मी मोठा भाऊना पोऱ्या. देवी मन्हामांगे येई. तठे मन्हा आंडोर शे, वंश शे. आठे कोन शे?"

ओंकारआबा घराण्यात सगळ्यात वयस्क. ते मिशीवरून हात फिरवत राहिले.

"इतला वरीस मी रोट चुकाडा नही," सुकलाल म्हणाला. "देखा, दर सालना फोटो शेतस." आणि खरोखरच त्यानं मोबाइल पुढे केला. एकामागून एक ताटं. दात असलेल्या पुऱ्या.

कोकिळाबाई आतून आल्या. पदर सारखा केला. "आबा, पाव्हनानी नव वरीस रोट खादाच नही."

कुणाला काही कळलं नाही. मग त्यांनी मला हाक मारली. मी बाहेर आले. हातात पिठाचा रिकामा पुडा होता, तो तसाच राहिला होता.

"मी नव वरीस यान्हा नावनी मूठ काढेल नही, आठ तं जिजीना देखता," कोकिळाबाई म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता, बाजाराची यादी सांगावी तसा होता. "यानी जे खादं ते बजारनं पीठ. या मॅडमनी कढईमा तळेल. उंबराना बाहेर वाढेल. इचारा त्यास्ले."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, "हो. मीच तळल्या." सुकलालचा हात नकळत पोटाकडे गेला. त्या क्षणी मला जो आनंद झाला तो मी आजही लपवणार नाही.

"देवीले तुन्हं नाव नव वरीसपाईन माहीत नही," त्या त्याला म्हणाल्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी त्याला अरेतुरे केलं. "कोन्हामांगे येई ती?"

तो ओरडायला लागला. पाप, दगा, करणी, जे तोंडात येईल ते. ओंकारआबांनी हात वर करून त्याला गप्प केलं आणि कोकिळाबाईंना विचारलं, "बेटी, त्यान्ही मूठ नही, मंग तू कोन्ही मूठमाईन खादं?"

"मी बी नही खादं, आबा. चार त्यान्या, दोन मन्ह्या."

तेव्हा मला माझ्या सहा पुऱ्यांचा हिशेब लागला. वर्षानुवर्षं मी समजत होते की दोन जास्तीच्या आहेत, मोडल्या तर असाव्यात म्हणून. या बाईनं त्याला देवीच्या घराबाहेर काढलं आणि स्वतःही त्याच्यासोबत बाहेर बसली. घरभर रोट तळायची, शेकड्यांनी पुऱ्या वाढायची, आणि मग माझ्या दाराशी येऊन त्या दोन कोरड्या पुऱ्या खायची. मला वाटायचं दमली असेल, म्हणून इथे बसते. मला रडू आलं, आणि त्या माणसाचा राग पुन्हा नव्यानं आला.

ओंकारआबांनी आत वळून देवीला हात जोडले. मग म्हणाले, "देवी जठे शे तठेच बठी." कुणी विरोध केला नाही. नव्या देव्हाऱ्याची काच परतीच्या वाटेवर फुटली असं पुढे कळलं. ते कोकिळाबाईंना सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, काच मी नाही फोडली. जणू बाकीचं सगळं कबूल होतं.

पुढची दोन वर्षं सुकलाल आला नाही. मुठी निघाल्या, त्याची निघाली नाही. कोकिळाबाई माझ्याकडे दोनच पुऱ्या तळून घेत. मी ओंकारआबांना गाठून म्हटलं, यांच्या नावाची एक मूठ काढायला काय जातं? ते म्हणाले, आम्ही म्हटलं होतं, तीच नको म्हणते. मी कोकिळाबाईंना विचारलं तर म्हणाल्या, मेहेरबानीची मूठ नको.

तिसऱ्या वर्षी श्रावणाच्या तोंडावर सुरतेहून ज्योतीचा फोन आला. मी त्यांच्या ओट्यावरच होते. कोकिळाबाईंना फोन कानाला लावून ऐकू येत नसे, म्हणून त्या स्पीकर लावत. सुकलालचं काळीज, मूत्रपिंड, सगळंच थकलं होतं. डॉक्टरांनी घरी न्या म्हटलं होतं. ज्योती हळू आवाजात म्हणाली, "बाई, पोऱ्याना बाप म्हनतस, एक डाव खरा रोट खावाना शे. तुम्हना पाय धरस. एकच पुरी धाडा."

कोकिळाबाईंनी फोन ठेवला. मला वाटलं, आता म्हणतील ध्यानमा ऱ्हाई. त्यांनी फोन पदरानं पुसला. मी न विचारता बोलले, मला राहवलं नाही, "पाठवू नका अक्का. मी तळते की चार, पुड्यातल्या." तोंडातून गेलं आणि माझी मलाच लाज वाटली. कोकिळाबाईंनी माझ्याकडे जरा निरखून बघितलं, माझ्याच हातून काही तरी बिघडलं असावं तसं.

सोमवारी मी सवयीनं पुडा फोडून ठेवला होता. सात वाजले, साडेसात झाले. शेवटी मीच त्यांच्या दारात गेले. त्या आत होत्या, आणि भांडी आपटत होत्या.

"आज तुमनी कढई नको," त्या आतूनच म्हणाल्या. "मूठ काढेल शे."

सव्वा मूठ, सुकलालच्या नावाची. ओंकारआबांच्या धाकट्या मुलाला त्याच दिवशी सुरतेच्या बसनं परत जायचं होतं. त्याच्या हातात त्यांनी स्टीलचा डबा दिला, फडक्यात घट्ट बांधलेला. चार पुऱ्या, दात असलेल्या. आणि दोन पुऱ्या स्वतःसाठी वाटीत झाकून ठेवल्या. मी म्हटलं, आता तर तुमचीही मूठ झाली, खा की. त्या म्हणाल्या, "त्या सुरतमा खातीन, मंग मी खासू. त्यान्ही मूठ शे ना." बारा वर्षांनी रोट समोर होता आणि त्यांनी तो दिवसभर तसाच ठेवला. मंगळवारी सकाळी मी शाळेला निघाले तेव्हाही त्या ओट्यावर बसल्या होत्या, बाजूला वाटी आणि मांडीवर फोन.

फोन मी निघता निघताच वाजला. ज्योतीच होती.

"डबा भेटना, बाई. त्यास्ले उशाले टेकाडीसन बठाडं. पुरी हातमा लिन्ही, तो दात देखा, आनि म्हने," ती थांबली, "म्हने, हाई बी खोटीच शे. माले चव ठाऊक शे आते. ठी दे म्हने. नही खादी. मी किती सांगं, आयकतसच नही."

मी दारातच थांबले होते. हा माणूस शेवटी भुकेला राहिला, खरा रोट हातात असून, आणि त्याला तसा करून ठेवणारी बाई माझ्यासमोर बसली होती. मी स्वतःही त्यात होते. आनंद व्हायला हवा होता, थोडा झालाही, पण तो घशाखाली उतरेना. कोकिळाबाईंचा चेहरा मला वाचता आला नाही. त्यांनी पदर सारखा केला.

"त्यास्ले म्हना, खरी व्हती," त्या फोनमध्ये म्हणाल्या. "मानतीन नही. तरी बी म्हना." मग नेहमीच्या कामाच्या आवाजात, "त्या चार पुऱ्या टाकजो नको. तापीमा सोडी दे. रोट उकिरडावर जात नही."

फोन बंद करून त्यांनी वाटी उचलली. पुऱ्या शिळ्या झाल्या होत्या, कडा कडक. त्यांनी पहिली मोडली. मी तिथेच उभी आहे हे त्यांना माहीत होतं, माझ्या नाकापर्यंत गुळाचा वास येत होता, आणि एवढ्या वर्षांत मला त्या पुरीचा एक कणही कधी मिळाला नव्हता. आजही मिळणार नव्हता. त्या सावकाश चावत होत्या, डोळे समोर रस्त्याकडे.

"कशी आहे?" मी विचारलं.

"गोड शे," त्या म्हणाल्या. "त्यान्ही सोडी दिन्ही. मी सोडाव नही."

शाळेची घंटा झाली होती. पुढच्या जूनमध्ये माझी शहाद्याला बदली झाली, आणि कोकिळाबाई म्हटलं की मला ती सकाळच आठवते. दुसरी पुरी संपवून त्यांनी वाटीतला चुरा बोटानं टिपला, तो दाताचा तुकडाही उचलून तोंडात टाकला, आणि वाटी धुवायला आत गेल्या.